दोन पॉइंट चार

वैजनाथ परळीचा, विशीतला.
धनकवडीत आमच्या दुसऱ्या मजल्यावर येऊन
पांढरा राउटर भिंतीला ठोकून गेला.
चार शिंगं, एक हिरवा डोळा.
माझा फोन जोडला, भाच्याचा जोडला, टीव्हीसुद्धा.
मग कोपऱ्यातल्या लॅपटॉपकडे बघून म्हणाला,
मॅडम, हा राहू द्या. ह्याला नाही दिसणार.

दिसत होतं की.
वरचे देवधर दिसत होते, समोरचा दवाखाना,
‘मागू_नये’ नावाचं कुणाचं तरी वायफाय,
तीन काड्या, दोन काड्या, कुलूप, कुलूप.
फक्त आमचंच घर नव्हतं यादीत.

अठरा वर्षं झाली ह्या यंत्राला.
बिजागरीला रबरबँड, ‘ण’ची कळ गुळगुळीत,
आतली बॅटरी मेलेली, त्यामुळे दर सकाळी त्याला वाटतं
आज एक जानेवारी दोन हजार पाच.
फेकलं असतं. पण त्याच्या पोटात
एका घराण्याचा कुलवृत्तान्त आहे, पानं सहाशे बारा,
मीच जुळवलेला, अशा फॉन्टमध्ये
जो विकणारं दुकानही आता उरलं नाही.
नव्या लॅपटॉपवर उघडला तर
मूळ पुरुषाच्या जागी येतो डॉलर,
मग एक अर्धा, मग उलटं प्रश्नचिन्ह
आणि त्यांचे चार पुत्र म्हणजे चार चौकोन.

दुसरी आवृत्ती दसऱ्याला हवी आहे.
मंडळाच्या यमुताई स्वतः जिना चढून आल्या,
धाप लागलेली, हातात भरून आलेल्या फॉर्मांची पिशवी.
या वेळी मुलींच्या शाखाही घालायच्या, म्हणाल्या,
पानं वाढली तरी चालतील.

तपकीर गल्लीत मुर्तझाभाईंना फोन लावला.
ताई, तुमचा राउटर फक्त पाचात बोलतोय,
जुन्याला पाच ऐकूच येत नाही.
दोन पॉइंट चार चालू करा.
मागे कुणीतरी डबाभर स्क्रू सांडले.
त्याला ओरडून परत फोनवर आले:
आणि कुलूप जरा जुन्या बनावटीचं लावा.

एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, एक.
भाच्याने आकडे सांगितले, मी टाइप केले,
पहिल्यांदा टिंबं विसरले.
पासवर्ड राउटरच्या पोटावर, इतक्या बारीक अक्षरांत
की प्रुफं वाचायचं भिंग काढावं लागलं.

नाव आलं यादीत!
पासवर्ड दिला. नाही म्हणाला.
पुन्हा दिला. नाही.
कुलूपच कळत नाही त्याला, भाचा म्हणाला,
किल्ली बरोबर असून काय उपयोग.

सगळ्या घराचं कुलूप कशाला उतरवायचं?
म्हणून त्याच्यापुरतं वेगळं दार केलं, पाहुण्यांचं.
जुनं कुलूप, मंद वेग, नावही ‘पाहुणे’.
लागलं.
स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलावर,
अठरा वर्षांनी पाहुणा.

आणि प्रिंटर दिसेना.
पाहुण्यांना घरातलं काही दिसत नाही,
पद्धतच आहे तशी.
बाहेरच्या खोलीत बसावं, सरबत घ्यावं, निघावं.
भाचा कंटाळून क्लासला गेला.
मी एकेक पान उघडत राहिले.
सातव्या पानावर, अगदी तळाशी, एक रिकामा चौकोन:
पाहुण्यांना घर दिसू द्यायचं का?
शेजारी पिवळा त्रिकोण, सावध राहा म्हणणारा.

खुर्चीवर यमुताईंची पिशवी होती.
बरोबरची खूण केली.

आधी कोपऱ्यातलं घड्याळ सुधारलं,
एका उडीत सगळी वर्षं.
मग प्रिंटर खाकरला.
पान तीनशे अठरा. जिथे छापलं होतं
‘कन्या : ३’
तिथे आता इंदुमती,
ठकू (सासरचं नाव कृष्णाबाई),
आणि तिसरीपुढे मोकळी जागा.
यमुताई विचारून सांगणार आहेत.